अकरा वाजून दहा मिनिटं

देल्मिरो. वय शहाऐंशी. डावखुरा.
शिक्षण चौथीपर्यंत, पुढे दगडाची खाण.
मी पाच शब्द सांगते:
लिंबू, किल्ली, बोगदा, खेचर, साबण.
पाच मिनिटांनी विचारते.
तो म्हणतो, "खेचर."
आणि थोड्या वेळानं, "तिचं नाव शोऊबा."
खेचराला माशाचं नाव!
नावाला गुण नाहीत.

"आता एक घड्याळ काढा.
अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."
तो गोल काढतो, हात जराही न थरथरता.
रोमन आकडे, बाराच्या बारा, जागच्या जागी.
मग पेन्सिल ठेवून देतो.
"काटे?"
"काटे पाद्रीनं काढून नेले.
धरणाचं पाणी चढायच्या आदल्या दिवशी."

नियमावलीत लिहिलंय: काटे नसल्यास शून्य.
मी शून्य लिहिलं.
तेही गोलच आलं.

ओरेन्सेहून त्याचा स्कॅन आला.
हिप्पोकॅम्पस बारीक होत चाललेला,
भोवती काळं पाणी.
पाणीच म्हणायचं त्याला, आम्हीही म्हणतो.

शेजारच्या खोलीत साबेला
बुडालेल्या विलारमोउरोच्या आठवणी टेप करते.
एउदोसिया म्हणते, घड्याळ होतं, पाच मिनिटं मागे.
फेर्मिन म्हणतो, कसलं घड्याळ? नुसती घंटा,
आणि तीही चिरकी.
काट्यांचं खरं वर्णन करते ओब्दुलिया:
पितळी, टोकाला चेस्टनटचं पान,
लहान काट्याला जरासा बाक.
ओब्दुलिया जन्मली जिनिव्हात,
गाव बुडाल्यावर तीन वर्षांनी.

त्या उन्हाळ्यात पाऊस रुसला, धरण आटलं.
चिखलातून मनोरा वर आला, कमरेपर्यंत.
आम्ही सगळ्यांना गाडीत घालून नेलं.
मनोऱ्याला एक गोल भोक.
साबेलानं शिडी लावून मोजलं: एक मीटर दहा.
"बघा, घड्याळ," एउदोसिया म्हणाली.
"बघा, खिडकी," फेर्मिन म्हणाला.
ओब्दुलिया काहीच बोलली नाही,
फोटो काढत राहिली.

देल्मिरोनं मनोऱ्याकडे पाहिलंही नाही.
तो पावलं मोजत निघाला,
भेगाळलेल्या गाळातून, भिंत नसलेल्या गल्लीतून,
एकोणीस, वीस, डावीकडे,
आणि एका जागी वाकून
खाली मान घातलेल्या कुणाच्या तरी
कानामागे खाजवलं.

माझ्या कागदावर शेऱ्यासाठी एक ओळ असते.
तिथे मी शोऊबा लिहिलं.
कुणी विचारलं नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा तीच खोली.
त्यानं मला ओळखलं नाही. नाव विचारलं, दोनदा.
मी कागद पुढे केला, म्हटलं, घड्याळ काढा,
अकरा वाजून दहा मिनिटं.
तो माझ्या मनगटाकडे बघत राहिला,
मग हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला,
"पोरी, बंद पडलंय का तुझं?
मागच्या खेपेलाही इतकेच वाजले होते."