पासंग

वसमतच्या मोंढ्यात वडील मापाडी.
हळदीचं पोतं काट्यावर चढलं की
पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही,
लाभ म्हणायचं.

मी एम.एस्सी. फिजिक्स, एकसष्ट टक्के, नांदेड.
मामा म्हणाला, बी.एड. कर.
आत्याचा व्यंकट तलाठी झालेला,
त्याच्या पासंगालाही मी पुरत नव्हते.

चिकलठाण्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये
सात जण मिळून व्हॅक्यूम गेज बनवतात.
मुलाखतीत क्वांटमचं कुणी विचारलंच नाही.
दुधगावकर सरांनी एक नट तळहातावर ठेवला:
आटे सुलटे, की उलटे?
मी बघत राहिले.

मग सहा महिने लेथवर, मुख्तारभाईंच्या हाताखाली.
ते नववी नापास. धातूवर नख फिरवून सांगतात
अजून किती मायक्रॉन उतरायचाय.
"बेटा, लोखंडाला घाई कळते."
पहिल्या आठवड्यात तीन फ्लँज वाया घालवले.
त्यातल्या एकावर ते अजून चहाचा ग्लास ठेवतात.

एका रात्री साडेनऊला चेंबर निर्वात होईना.
पंप धडधडतोय, आकडा जागचा हलत नाही.
जोडाजोडावर हेलियम सोडत फिरलो,
आणि एका वेल्डपाशी डिटेक्टर किंचाळला.
केसाहून बारीक छिद्र!
मला रडूच आलं. का, कोण जाणे.

कॉलेजात गुरुत्वाचं त्वरण कायम ९८० यायचं.
उत्तर आधी लिहायचो, निरीक्षणं मागून.
इथं दाब मोजता येऊ नये इतका उतरला
तरी पडद्यावर ०.०३.
"यंत्राला कल असतोच," सर म्हणाले,
"लिहून ठेव. मग वजा कर."

दिवाळीत वडिलांनी विचारलं,
तू नेमकं काय करायलीस तिथं?
मी सेन्सर, झिरो, करेक्शन असं बरंच बोलले.
ते उठले. माळ्यावरून आज्याची तागडी काढली,
फुंकर मारून धूळ उडवली
आणि हलक्या पारड्याखाली सुतळीनं बांधलेला
चिंचोक्याएवढा खडा दाखवला.
"हेच ना?"

हेच.

पगार अठरा हजार. व्यंकटचा मला माहीत आहे.

माझ्या हातचं पहिलं गेज तपासून झालं,
रजिस्टरमध्ये अनुक्रमांक टाकताना
तोंडातून निघून गेलं: लाभ.
मुख्तारभाईंनी लेथ थांबवला.
चष्म्यावरून बघत म्हणाले,
दोन कधी?