वरचा आकडा

पट्टा दंडाला गुंडाळला तेव्हा
ठकूबाईच्या मांडीवर सूप होतं,
सुपात जर्दा, ओल्या फडक्यात टेंभुर्णीची पानं.
"हात सैल सोडा," मी म्हटलं.
"सैल सोडला की विडी सुटती, ताई."

मशीन फुगलं, कण्हलं.
वर एकशे बहात्तर, खाली शंभर.
खाटेवरून लहानू आव्हाड म्हणाला,
"कोणता आकडा आला? लावला असता!"
आणि स्वतःच्याच विनोदावर
बराच वेळ खोकला.

ठाणगावातली ही एकच खोली.
खिडकीला तट्ट्या, मांजर येतं म्हणून.
पाळण्यात सुनेचं पोर,
त्याच्या दुपट्याला विझल्या विडीचा वास.

मग त्यानंही दंड पुढे केला.
एकशे वीस, ऐंशी.
"पाह्यलं? मला मानवती.
जिनं ओढली नाय, तिलाच बाधती."

रजिस्टरात छापलंय : धूम्रपान, होय / नाही.
तिच्या नावापुढे मी 'नाही'ला गोल केला.
खरंच होतं ते.
चाळीस वर्षं दिवसाला हजार वळल्या,
एक ओठाला लावली नाही.
काळ्या वाशांसाठी रकाना नव्हता.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, घर ओढतं.
तालुक्याच्या मॅडम म्हणाल्या, हे काय?
खोडलं. नीट खोडलं गेलं नाही.

"बाबा, निदान ओट्यावर बसून ओढा."
"बाहेर ऊन," तो म्हणाला.
पौषात गेले असते तर थंडी म्हणाला असता.

निघताना तिनं उंबऱ्याशी गाठलं.
हजार कारखान्याच्या, वर दहा त्याच्या,
लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून :
निवडक पान, घट्ट वळण, दोरा दोनदा.
हे सगळं ती बोलली नाही.
एवढंच म्हणाली,
"मधीच खाडा केला, तर चालंल?"
"एक दिवससुद्धा नाही," मी म्हटलं.
गोळीचं विचारतेय, असं वाटलं होतं.
पार मारुतीच्या पारापर्यंत आले
तेव्हा पाय थबकले.

पुढच्या महिन्यात वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न.
तट्ट्या तशीच. खोकला तसाच.
त्याच्या उशाशी, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर
आठ विड्या.

मोजता येत नाही असं नाही त्याला.
मुकादमाचा हिशोब तोच करतो,
विडीन् विडी.