शून्याच्या डोक्यावरचं उणे

तोर्निओच्या रात्रशाळेत ऐला लान्तो फळ्यावर लिहिते
क्ष → ०⁻
आणि शेवटचं चिन्ह इतकं बारीक काढते
की मागच्या बाकावरून ते खडूचा शिंतोडा वाटावं.

"उणे शून्य?" सीग्ने विचारते.
बोटांना अजून डिझेलचा वास.
सहाचा तास, तिच्या घड्याळात पाचचा;
नदीपलीकडून येते ती, हापारान्दाहून.

"ते शून्याचं नाही, वाटेचं आहे.
कुठल्या अंगाने यायचं, एवढंच सांगतं.
उणे दोनच्या डोक्यावरही बसेल:
पुढचं उणे संख्येचं, वरचं पावलांचं.
गल्लत केलीत तर मी मार्क कापते."

सीग्नेला पूल दिसतो.
पहाटे चारला बर्फ लोटत ती येते
आणि मधल्या रेघेच्या वीतभर अलीकडे वळते.
समोरून वेइक्को, तोही वीत राखून.
रेघ कुणाच्याच करारात नाही.
तिच्यावरचा बर्फ कोण काढतं, देव जाणे.

फिनिशमध्ये लिमिटला सीमाच म्हणतात,
स्वीडिशमध्येही.
आपल्याकडेही, म्हणा.

वडील गेले ते पश्चिमेच्या काठावर,
रात्री अकरा चाळीसला, तारीख तीन.
पूर्वेला आत्याच्या भिंतीवर तेव्हा
बारा चाळीस. चार तारीख लागलेली.
अकरा वर्षं दोघी दोन दिवशी मेणबत्ती लावतात
आणि फोनवर
हळूच एकमेकींची चूक काढतात.

सीग्ने वहीत लिहिते, चिन्हं जपून:
०⁻ कडे जाताना, तीन.
०⁺ कडे जाताना, चार.
"मग सीमा नाहीच," ऐला वाकून बघते,
"पण दोन्ही बाजू बरोबर आहेत. दोन मार्क."

"आणि खुद्द शून्यावर?"

"तिथे काहीही असू दे. नसलं तरी चालतं.
सीमा त्याला विचारत नाही."

थडग्यावर तीन कोरलंय.
कारागिराने विचारलं तेव्हा
आई जवळ उभी होती, एवढंच कारण.

आठला तास सुटला,
सव्वासातला सीग्ने घरी.
बूटही न काढता तिने आत्याला फोन लावला.
तुझंही बरोबर होतं, असं म्हणायचं होतं.
विचारलं,
"तिकडे किती वाजले?"