कार्ड नंबर चार

दर शनिवारी सहाणेमागच्या रानात जातो,
ऐनाच्या बुंध्याला बांधलेल्या पेटीतून
नखाएवढं कार्ड काढतो, दुसरं घालतो,
आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर बघत बसतो
माझ्या माघारी रान काय करतं ते.

बहुतेक वेळा काहीच नाही.
वाऱ्यानं हललेली कुड्याची एक फांदी, चारशे फोटो.
धनावड्यांची चुकार गाय.
साळिंदर, पाठमोरं, घाईत.
एकदा आठवीतली मृण्मयी घाग, शाळा चुकवून,
कॅमेऱ्याला जीभ दाखवताना.

खवल्या येतो तेव्हा
पुढचे पंजे छातीशी दुमडून येतो,
उसने मागायला आलेला पाहुणा
उंबऱ्याबाहेर घुटमळतो, तसा.
मांजर म्हणतात त्याला, पण म्याव नाही.
दात नाहीत. पळणंही धड नाही.
भ्याला की स्वतःचंच गाठोडं बांधतो
आणि आत शांत बसतो, झालं म्हणून.
बिबट्यापुढे टिकते ही युक्ती.
गोणपाटापुढे नाही.

गोणपाट मीच धरलेलं आहे.
तेव्हा नऊ वर्षांचा होतो. अण्णा बिळात धूर सोडायचे,
मी दुसऱ्या तोंडाशी, डोळे चोळत.
ओझं आत पडायचं ते कोमट असायचं
आणि आतल्या आत श्वास घ्यायचं.
खवले माळ्यावर सुकायचे, सुपारीच्या शेजारी.
स्कूटरवरून एक माणूस यायचा,
त्याचा तराजू त्याच्याच खिशात.
माझी पहिली चप्पल त्या पैशाची.
चावायची.

गावकी बसली शिमग्यानंतर.
वनखात्याचे साहेब फलक घेऊन आले होते,
तो धरायला दोन पोरं उभी केली.
कोणी म्हणालं, साळिंदर आमची सुरणं खातं, त्याचंही बोला.
कोणी म्हणालं, एवढं कशाला, देवीचा कौल लावा.
विठू गुरवानं कळ्यांना हातच लावला नाही.
'रान तिचा, पोर तिचा.
आन तिलाच इचारू, पोर ठेवू का इकू?'
मग कोणी बोललं नाही. चहा उरला.
सुलभा भुवड उठता उठता म्हणाली,
'वाळवी खातो ना तो? मग राहू दे.
माज्या मांगराचे वासे त्याच्याच भरवशावर हायत.'
तेवढ्यावर ठरलं: देवराईच्या अंगाला वणवा नाही,
फासकी नाही, रात्रीची बॅटरी नाही.
आणि पेटीतलं कार्ड बदलायचं काम माझ्याकडे,
का, ते कुणी बोललं नाही.

अण्णा सभेला नव्हते.
म्हणाले, कंबर धरली.

कार्ड नंबर चार. रात्रीचे दोन वाजून बारा.
बिळाच्या तोंडाशी उकिडवे, अण्णा.
हातात कोयती.
शाळेत मी एकटाच होतो तरी
उठून दार लावून घेतलं.
पुढचा फोटो: हात मातीत.
पुढचा: हात मातीत.
असे सतरा.
अठराव्यात ते उभे, आणि मुठीत
कुणीतरी डुकरासाठी लावलेली ब्रेकची तार,
खुंटीसकट उपटलेली.
ती मनगटाला गुंडाळत गुंडाळत
सरळ माझ्याकडे बघताहेत.
पेटी त्यांना ठाऊक नसणार.
किंवा असणार.
पन्नास वर्षं ज्यानं हे रान रात्रीचं वाचलं
त्याला ऐनावरची गाठ दिसणार नाही?

तीन चाळीसला ती आली.
शेपटीच्या मुळाशी पोर,
एसटीच्या टपावर बोचकं टाकावं तसं आडवं,
झोपलेलं.

वहीत रकाने आहेत: तारीख, वेळ, प्राणी, संख्या.
लिहिलं, खवल्या, दोन.
वरची ओळ मोकळी सोडली.

घरी आलो तर परसात
पडवळाच्या मांडवाला तार बांधलेली, ताणून,
एका टोकाला अजून लाल माती.
अण्णा पडवीत पेज पीत होते.
'कंबर कशी आहे?' मी विचारलं.
'हाय तशीच,' म्हणाले.