पौषातली गाडी

पौषात घेतली गाडी.
पौषात भुसावळही सज्जन असतं,
पहाटे तोंडातून वाफ, नाक्यावर शेकोटी,
एसी लावून दाखवा असं कोण म्हणेल?
फिरके गार्डसाहेबांनी टायर दाखवले,
पिशवीत जपलेली सर्व्हिसिंगची पुस्तिका,
कधीच न लागलेली स्टेपनी.
मी हॉर्न वाजवून पाहिला. पैसे दिले.
पौषात कुणी खोटं बोलत नाही,
कारण कुणी विचारतच नाही.

चैत्रात बटण दाबलं.
निळा दिवा लागला, पंखा घरघरला,
आणि जाळीतून फुटाण्याच्या भट्टीवरचा वारा,
सोबत जुन्या उदबत्तीचा वास.

जामनेर रोडचा मेकॅनिक
बॉनेट न उघडताच म्हणाला, गॅस संपला.
अठराशे रुपये. आठ दिवस स्वर्ग.
नवव्या दिवशी निंभोऱ्याच्या फाटकात,
केळीच्या ट्रकमागे उभी असताना,
स्वर्ग कोमट झाला, मग गरम.
मी नर्स आहे.
गोळीनं उतरणारा आणि गोळी संपली की चढणारा ताप
मला तरी ओळखू यायला हवा होता.
पुन्हा अठराशे दिले.
या वेळी सहा दिवस.

मग यावलचा नामदार तडवी.
चिंचेखाली गॅरेज, त्यानं आधी नुसतं ऐकलं.
"दाबा. बंद करा. दाबा.
टक् असा आवाज याला पाह्यजे. येत नाही."
फ्यूज काढून उन्हात धरला,
हॉर्नचा रिले एसीला लावून पाहिला.
दोन्ही ठणठणीत.
"क्लचचा दोष नाही मॅडम, तो शहाना आहे.
पोटात गॅस नसला की कामाला हातच लावत नाही."

नळीत नायट्रोजन सोडला.
दाढीच्या ब्रशानं साबणाचं पाणी,
एकेका सांध्यावर,
कंडेन्सरच्या जाळीवर, जिथे कापसाचे तंतू
आणि एक वाळलेलं फुलपाखरू.
काही नाही.
शेवटी कॉम्प्रेसरच्या तोंडाशी
एक बुडबुडा आला,
दूध पिऊन झोपलेल्या बाळाच्या ओठांवर येतो तेवढा.
फुटला. दुसरा आला.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.

"सील सुकलं.
हे लोक एसी लावतच नव्हते काय?
तेल गॅससोबत फिरतं, फिरलं तर सील ओलं ऱ्हातं.
हिवाळ्यातबी आठवड्याला दहा मिनिटं लावाचा.
काही वस्तू वापरून नाही, ठेवून ठेवून मरतात."

भांडायलाच फोन लावला फिरक्यांना, बडोद्याला, लेकीकडे.
"एसी? आम्ही कधी लावलाच नाही हो.
एकतीस वर्षं गार्डच्या डब्यात काढली,
वाऱ्याशिवाय गाडीत बसल्यासारखं वाटत नाही.
आणि ही तर काच खाली घेऊन
सगळा रस्ता हात बाहेर..."
मागे कुणीतरी भांडी लावत होतं.
"गाडी बरी चालते ना?"
बरी चालते म्हटलं.

चार हजार दोनशे.
अर्धा तास व्हॅक्यूम, गेजची सुई जागची हलली नाही,
मग मोजून गॅस.
टक्.
नामदारनं जाळीत थर्मामीटर खोचला
आणि माझ्याकडे बघून हसला, तुमचंच काम करतोय म्हणून.
आठ अंश.

आखाजीला रावेरहून मायला आणलं.
काचा बंद. बाहेर केळीची पानं फाटत होती,
आवाज आत नव्हता.
सावदा यायच्या आत तिनं पदर कानावरून घेतला.
"बंद कर वं बापा, थंडी वाजू राह्यली."
बाहेर चव्वेचाळीस.
दहा मिनिटं बस, मी म्हटलं,
तुझ्यासाठी नाही, सीलसाठी.
तिला काही कळलं नाही.
तिनं काचेला तळहात लावून पाहिला,
काच तापलेली होती,
हात तसाच ठेवला.