पस्तीस टक्के

वकील म्हणाले, सहा महिन्यांच्या आत दावा लावू,
फक्त पगाराची पावती आणा.
पावती कुठली?
शनिवारी मालक मागासमोरच नोटा मोजतो.

टेम्पोचा विमा चालू होता, हे नशीब म्हणे.

सिव्हिलच्या डॉक्टरांनी यांचा हात वाकवून पाहिला,
लिहिलं : पस्तीस टक्के.
वय त्रेचाळीस, गुणक चौदा.
गुणाकार मला येतो, साहेब,
पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्टे, हजार.
पण तुटलेला धागा सांधायला
अंगठा लागतो, पुरा.
पस्तीस टक्के सुटलेली गाठ
गाठ नसते.

अर्जदार : राजमल्लू नरसय्या गुंडेटी, अशोक चौक.
यांनी डाव्या हातानं सही केली.
खिडकीतला कारकून चष्मा वर सारून म्हणाला,
बँकेतल्या सहीशी जुळत नाही.