बॉयलर

पहिली टेप त्यानं कपडे वाळवायच्या कपाटात केली.
दाराला आतून रजई ठोकलेली,
पायाशी आईचे वृद्धाश्रमाच्या ड्यूटीचे बूट,
आणि मध्येच कधीतरी
भिंतीमागच्या बॉयलरचा एक टक्.
एल्डन थांबायचा. मग पुढचं यमक.

लोक म्हणाले, काय ठेका आहे पोराचा.

प्रेस्टनमध्ये कुणी विचारलं, मूळचा कुठला,
तर सांगायचा, बसच्या शेवटच्या थांब्याचा.
आईचं गाव राखेखाली होतं:
शाळेची पायरी, चर्चचं घड्याळ,
अंगणातला आंबा गळ्यापर्यंत करडा.
मॉन्टसेरातहून ती बोटीनं निघाली
तेव्हा हा पोटात, सहा महिन्यांचा.
"तू डोंगर फुटताना ऐकलायस," ती म्हणे,
"म्हणून असा घुम्या."

घुम्या पोरगा रॅपर झाला, याचं तिला हसू यायचं.

बाकीचे माइकशी भांडत.
हा बोलायचा फ्रीजमधल्या अर्ध्या लिंबाबद्दल,
बापाच्या फोनबद्दल,
जो दर वाढदिवसाला एक दिवस उशिरा यायचा,
आणि त्या एका दिवसापुरतं
दरवर्षी नव्यानं पोरकं होण्याबद्दल.
रात्री डेपोत बसगाड्या झाडायचा.
सीटांच्या फटीत सापडायची कुणाची कवळी,
कुणाच्या अंत्यविधीची पत्रिका, तान्ह्याचा एक मोजा.
त्या मोज्यानं त्याला लंडनला नेलं.

लंडनच्या स्टुडिओत इतकी शांतता
की स्वतःचं रक्त ऐकू येई.
सहा आठवडे एक ओळ नाही.
रोवन नावाच्या तंत्रज्ञानं कॉम्प्युटरवर टक् बनवला,
अगदी हुबेहूब.
"हे घड्याळ झालं," एल्डन म्हणाला,
"बॉयलर कधीकधी विसरायचा."

तो रेकॉर्डर घेऊन घरी गेला, म्हणजे जुन्या घरी.
तिथं आता एक कुर्दी बाई.
तिनं कौतुकानं नवा बॉयलर दाखवला:
"बघा, आवाज म्हणून नाही!"
त्यानं चहा घेतला. दोन बिस्किटंही खाल्ली.

संध्याकाळी आईला सांगितलं.
ती बटाटे सोलत होती, सुरी थांबली.
"तो टक्?
नऊ हिवाळे झोपले नाही मी त्याच्यापायी.
वाटायचं, आता फुटेल.
तू आत, कपाटात, त्याला चिकटून,
आणि मी जिन्यावर बसून मोजायची."

मग बटाटे. मग काही नाही.

नव्या रेकॉर्डमध्ये टक् नाही.
त्याच्या जागी जागा आहे.
आमच्याकडे तालात तिला खाली म्हणतात,
तिथं टाळी द्यायची नसते,
नुसता हात उघडायचा.

लीड्सच्या हॉलमध्ये पोरांना हे कोण सांगणार?
ती पहिल्यांदा टाळ्या वाजवतात, दुसऱ्यांदा ओरडतात,
तिसऱ्यांदा कुणीतरी खोकतं
आणि हॉल एकदाचा गप्प होतो.

तिसऱ्या रांगेत एक बाई
मांडीवरची पर्स घट्ट धरून
ओठ हलवते आहे.
अठ्ठावीस. एकोणतीस.